रविवारी साडेसात ते आठ

मॅनेजर कट्ट्यावर आला तोच मोबाइल नाचवत. "या, बघा. दोन महिन्यांत घर सुतासारखं सरळ केलंय."

स्क्रीनवर त्याच्या पोराचा अख्खा आठवडा. शाळा हिरवी, क्लास निळा, पोहणं पिवळं, नाटकाची तालीम जांभळी. आणि रविवारी साडेसात ते आठ एक लाल चौकोन. त्यात लिहिलेलं, 'कुटुंब'.

ताईने दोन बोटांनी तो चौकोन मोठा केला. "आज रविवारच ना रे? वाजले किती?"

पावणेआठ वाजले होते.

मास्तर हसून हसून कट्ट्यावरून पडायचाच बाकी होता. "तालीम लागली त्याची अचानक!" मॅनेजर ओरडत होता. "हायस्कूलची पोरं घरी सापडतात का कधी?"

मूळ विषय होता शाळा उशिरा भरवण्याचा. ग्रुपवर सकाळपासून त्यावरूनच जुंपलेली. मॅनेजरच्या मते हे नुसते लाड. "आम्ही नाही पहाटे पाचला उठायचो?"

"तू? पाचला?" मास्तर म्हणाला. "पहिल्या तासाला तुझी हजेरी कोण लावायचं? मी! आणि माझी सायकल नेऊन पंक्चर करून आणलीस, ती तशीच भिंतीला टेकवून पळालास."

"त्याला तीस वर्षं झाली!"

"पंक्चर मी काढलं ना!"

ताई नर्स आहे, घरात दोन मुलगे, दोघेही हायस्कूलला. तिने सायकल बाजूला सारली. "वयात येताना शरीराचं घड्याळच मागे पडतं. झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा पाझरायला लागतं, कुणाकुणाचं दोन तासांनीसुद्धा. साडेनऊला दिवा घालवलास म्हणून पोरगं झोपत नाही, अंधारात लोळत पडतं. तेरा ते अठराच्या वयाला 8 ते 10 तास झोप लागते. तुझ्या तक्त्यात मोज बरं."

मॅनेजरने मोजलं. सव्वासहा तास भरले.

"तरी पहिल्या तासाला मी काय शिकवतो ते तुम्ही बघायला या," मास्तर म्हणाला. "निम्मा वर्ग उघड्या डोळ्यांनी झोपलेला असतो. त्यांना रागवायचं मी केव्हाच सोडलं."

"पण शाळा उशिरा केली की पोरं आणखी उशिरा झोपणार, हे लिहून घ्या," मॅनेजरने बोट उगारलं.

"अमेरिकेत सिएटलला करून पाहिलंय ते," ताई म्हणाली. "2016 साली हायस्कूलची वेळ 7.50 वरून 8.45 केली. पोरांच्या मनगटाला यंत्रं बांधून झोप मोजली. उशीर वाढला नाही, झोप वाढली. 34 मिनिटं."

"हॅ! 34 मिनिटांनी काय होतंय?"

"तुझ्या लाल चौकोनापेक्षा चार जास्त आहेत."

यावर मॅनेजरने फोन खिशात घातला.

मला ताईचं पटतं ते नुसत्या झोपेपुरतं नाही. या वयातली मुलं आपण ठरवलेल्या वेळेला बोलत नाहीत. गेल्या वर्षी एका रात्री साडेअकराला लेक माझ्या पलंगाच्या कडेवर येऊन बसली. पायांनी फरशीवर रेघोट्या काढत होती. मी म्हणालो, "उद्या बोलू, झोप आता." तिला संघातून वगळलंय हे मला दोन आठवड्यांनी कळलं, तेही तिच्या मैत्रिणीच्या आईकडून. तेवढ्या दिवसांत ती रोज ठरल्या वेळी सरावाचे कपडे घालून घराबाहेर पडत होती. कुठे जाऊन बसायची, ते मी अजून विचारलेलं नाही. तेव्हापासून साडेअकराला माझा दिवा चालू असतो. कधी ती येते, कधी नाही.

हे कट्ट्यावर सांगितलं तेव्हा थोडा वेळ कुणी काही बोललं नाही.

"माझा मोठा घरात तोंड उघडत नाही," ताई म्हणाली. "स्कूटरवर मागे बसला की सगळं सांगतो. माझी फक्त पाठ दिसते ना त्याला. मग मी वळसा घालून घरी येते."

"पेट्रोल?" मॅनेजरने विचारलं.

"त्याला एक रंग दे तुझ्या तक्त्यात."

तेवढ्यात मॅनेजरचा फोन वाजला. तालीम लवकर सुटली होती, पोरगा न्यायला ये म्हणत होता. मॅनेजर उठला आणि कपाळाला हात लावला. तो आज चालत आला होता. मास्तरने किल्ली पुढे केली, पण हातातून सोडली मात्र नाही.

"पंक्चर झाली तर?"

"अरे दे ना! वाट बघतोय तो!"

"पंक्चर झाली तर कोण काढणार, ते आधी बोल."

"मी! मी काढीन, बापाशपथ!"

किल्ली हिसकावून तो धावत सुटला. मागून ताई ओरडली, "आणि गाडीवर गप्प बस!" मास्तर तिकडे घड्याळ दाखवत होता. आठला दोन मिनिटं कमी होती.