महाबळेश्वरच्या रानातील ‘एल्डरफ्लॉवर’बाबत खुलासा

साताऱ्यातील काही व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक छायाचित्र फिरत असून, महाबळेश्वरच्या वाटेवर दिसणारे पांढऱ्या फुलांचे घोस म्हणजेच विलायती ‘एल्डरफ्लॉवर’ आहेत, ते पानांसकट खुडून आणावेत आणि साखरेच्या पाकात मुरवून सरबत करावे, असे त्यासोबत सांगितले जात आहे. ही माहिती चुकीची आहे.

एल्डर हे मूळचे युरोपातील झाड असून ब्रिटनमध्ये ते मे-जूनमध्ये फुलते. त्याचे पान संयुक्त असते. म्हणजे एका देठावर साधारण पाच ते सात दातेरी पर्णिका असतात, आणि फूल चपटे, पाच पाकळ्यांचे असते. छायाचित्रातील फुलाला मात्र चारच पाकळ्या असून लांब नळीतून टाचणीसारखा केसर बाहेर डोकावतो आणि पाने साधी, समोरासमोर आहेत. ही लक्षणे आपल्याकडच्या ‘पापडी’ या रानझुडपाशी जुळतात. अर्थात, केवळ छायाचित्रावरून कोणतेही रानफूल पोटात घालणे शहाणपणाचे नव्हे.

‘पानांसकट’ हा सल्ला तर खऱ्या एल्डरलाही लागू पडत नाही, कारण त्याची पाने, देठ व कच्ची फळे यांत सायनाइड निर्माण करणारी द्रव्ये असतात. म्हणूनच तिकडे जाड देठ काढून केवळ फुलोराच लिंबू घातलेल्या पाकात सुमारे 24 तास मुरवतात व गाळून घेतात. सरबतच करायचे असेल, तर उन्हाळ्यात याच डोंगरात करवंदे मिळतात.