तीन लग्नांच्या आधीचा शेवट

परवा फोनवर दादाशी वाजलंच. पुण्यात त्याच्या मित्रमंडळींनी अमेरिकन दिग्दर्शक ग्रिफिथचा १९२० सालचा मूकपट ‘वे डाउन ईस्ट’ पाहिला आणि शेवट बाईचा अपमान करणारा आहे, असं एकमताने ठरवून टाकलं. खोटं लग्न लावून फसवलेली खेड्यातली अ‍ॅना. तिचं मूल जातं, आसऱ्याच्या घरातून तिला हिमवादळात बाहेर काढतात, नदीतून वाहत जाताना ती वाचते आणि लगेच बोहल्यावर उभी. तेही एकाच मांडवात तीन लग्नं! “बाईचं भलं लग्नाशिवाय दाखवताच येत नाही का?” दादा म्हणाला.

मुद्दा खोटा नाही. पण मला राग आला. ते वाहत जाण्याचं दृश्य जिथे चित्रित झालं, ती नदी इथे अमेरिकेत माझ्या रोजच्या वाटेवर आहे. स्नो टायर बदलायला मी तिच्या काठच्या व्हाइट रिव्हर जंक्शन गावालाच जातो. मार्चमध्ये बर्फ फुटतो, तेव्हा रात्री अंथरुणात दणके ऐकू येतात. त्या बर्फाच्या लादीवर अ‍ॅनाचं काम करणारी लिलियन गिश पडून राहिली. हात आणि केस पाण्यात सोडायची कल्पना तिचीच. बोटं कायमची अधू झाली. पंख्याखाली बसून तुम्हाला काय कळणार, असं मी बोलून गेलो. बोलायला नको होतं.

म्हणणं मात्र अजून तेच आहे. खरा शेवट जेवणाच्या टेबलापाशी होतो. मालक हाकलतो, तेव्हा अ‍ॅना त्या फसवणाऱ्याकडे बोट दाखवते: माझी एवढी चौकशी केलीत, या मानाच्या पाहुण्याची का नाही केलीत? आणि दार उघडून निघते. पुढे तोच लग्नाला तयार होतो, तर त्याला नाकारते. ‘त्याच्याशीच लावून द्या, मिटवून टाका’ म्हणणारे आपल्याकडे थोडे आहेत का? दादाला एवढं दिसू नये?

मालकाचा मुलगा डेव्हिड मात्र तिच्यामागे धावतो.

वाईकडच्या आमच्या घरी कामाला येणाऱ्या मुलीला वडिलांनी सगळ्यांदेखत ‘उद्यापासून येऊ नकोस’ म्हटलं, तेव्हा मी पानावर होतो. कारण सगळ्यांना ठाऊक होतं, माणूसही. तिने ताकाचा तांब्या उंबऱ्याशी ठेवला आणि ती गेली. मी भाकरी संपवली. पुढच्या वर्षी इकडे आलो. गाव सुटलं म्हणजे तेही सुटलं, असं समजत राहिलो.

ती आता कुठे असते, हे दादाला माहीत आहे. परवाही मी विचारलं नाही.