बिनहरकत बंदूक

वाटणीच्या बाबतीत आमचं घराणं पक्कं सदाशिवपेठी. आजोबांचा वाडा पडला, तिथे इमारत उभी राहिली, सगळे कोथरूड-बिबवेवाडीला पांगले, तरी 'तो पितळी बंब नेला कोणी?' हा प्रश्न लग्नाकार्यात अजून निघतो. अशा घरात बाबा गेल्यावर एका वस्तूवर मात्र कोणीच हक्क सांगेना. ती म्हणजे त्यांची बंदूक.

बाराबोरची, दुनळी, विलायती. मूळ आजोबांची. तिनं त्यांनी मुळशीकडे बिबट्या मारला, अशी कथा. माझ्या लहानपणी तो बिबट्या होता. काकांची साठी झाली तेव्हापासून तो वाघ आहे. एरवी बंदूक वर्षभर गोदरेजच्या कपाटात, आईच्या शालूंमागे, चामड्याच्या पेटीत कुलूपबंद. खंडेनवमीला बाहेर यायची, पाटावर बसून हळदकुंकू आणि झेंडूचा हार घ्यायची, की परत आत. निवडणूक लागली की बाबा ती पोलीस ठाण्यात जमा करून पावती आणायचे आणि निकालानंतर सोडवून आणायचे. लोकशाहीला आपल्यापासून धोका आहे असं सरकारला मधूनमधून वाटतं, याचा त्यांना कोण अभिमान!

दिवसकार्य आटोपल्यावर आईनं विषय काढला. काका लगेच म्हणाले, "वारसाहक्कानं ती आता तुमचीच की गं!"

हे अर्धंच खरं होतं. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ प्रमाणे आई, दादा आणि मी सारखेच मालक. पण शस्त्र अधिनियम, १९५९ मालकी विचारतच नाही, तो ताबा विचारतो. परवाना बाबांच्या नावाचा. ते गेले, की बंदूक घरात राहणंच बेकायदा. कलम २१ सांगतं, विनाकारण वेळ न घालवता ती जवळच्या पोलीस ठाण्यात नाहीतर परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा. थोडक्यात, तिघांच्या मालकीची वस्तू, आणि तिघांपैकी एकालाही ती जवळ ठेवायची सोय नाही.

दादा ह्यूस्टनहून व्हिडिओ कॉलवर होता. "एवढं काय त्यात? इकडे टेक्सासमध्ये २०२१ पासून पिस्तूल बाळगायला परवानाच लागत नाही."

"मग घेऊन जा तिकडे," मी म्हटलं. त्याचं नेटवर्क गेलं.

काकांनी दुसरा पवित्रा घेतला. "अगं, ती पुरातन वस्तू आहे. अँटिक! अँटिकला परवाना नाही लागत." मी कलम ४५ वाचून दाखवलं. जुन्या, पुरातन किंवा मोडक्या शस्त्राला सूट आहे खरी, पण ते दुरुस्त करूनसुद्धा चालणार नसेल तरच. "म्हणजे आपली बंदूक चालत नाही, असं म्हणावं लागेल, काका."

"चालत नाही? आपली बंदूक?" काका खुर्चीवरून उठलेच. "आज बार काढ, पन्नास पावलांवरचा वाघ जागेवर आडवा होईल!" आमच्याच बाजूच्या साक्षीदारानं आमची केस अशी निकालात काढली.

मी पोलीस ठाण्यात फोन केला. पलीकडचे हवालदार शांतपणे म्हणाले, "परवाना आणि मृत्यूचा दाखला घेऊन या. बंदूक रिकामी आहे ना, तेवढं बघा." हे बघायचं कसं, ते आमच्यात फक्त बाबांना माहीत होतं. शेवटी खालच्या मजल्यावरच्या निवृत्त सुभेदारसाहेबांना बोलावलं. ते आले, पेटी उघडली, बंदूक भिंतीकडे तोंड करून धरली आणि कळ सरकवली. खट्‌ आवाज होऊन नळ्या खाली झुकल्या. आई स्वयंपाकघरातून ओरडली, "मोडली का हो?"

"नाही वहिनी, अशीच उघडते." सुभेदारसाहेबांनी नळ्या उजेडाकडे करून एक डोळा मिटला. डावीकडची लख्ख होती. उजवीकडच्या नळीत त्यांना काहीतरी अडकलेलं दिसलं. आम्ही दोन पावलं मागे. त्यांनी पेटीतला गज घालून ते हळूच बाहेर ढकललं. झेंडूच्या पाकळ्या होत्या, वाळून कोळ झालेल्या. किती खंडेनवम्यांच्या, कोण जाणे. सुभेदारसाहेबांनी त्या तळहातावर घेतल्या आणि नोकरीतला अहवाल द्यावा तशा आवाजात म्हणाले, "जिवंत काडतूस नाही. निर्माल्य आहे."

ठाण्यात आम्ही त्यांच्या गाडीतून गेलो. कोथरूडमध्ये रिक्षा बंदुकीशिवायही मिळत नाही; बंदूक दाखवली असती तर एखादा मीटरनं आला असता, पण तो वेगळा गुन्हा. हवालदारांनी बनवणाऱ्या कंपनीचं नाव, क्रमांक, बोअर सगळं नळीवरून वाचून टिपलं आणि पावतीवर लिहिलं, 'एक नग, जुनी.' बिबट्याचा उल्लेख नाही. सोबत आलेले काका दुखावले. मग हवालदारांनी बंदूक तेवढी ठेवून घेतली आणि पेटी माझ्याकडे सरकवली. "ही न्या परत, मॅडम. पेटीला परवाना लागत नाही."

हे वाक्य काकांनी तेव्हा फार लक्षपूर्वक ऐकलं, हे मला नंतर आठवलं.

आता प्रश्न, पुढे काय? २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवाना वारसाच्या नावे मिळू शकतो. इतकंच काय, सत्तरी गाठल्यावर किंवा बंदूक पंचवीस वर्षं बाळगल्यावर, जे आधी होईल तेव्हा, बाबांना हयातीतच वारस सुचवता आला असता. त्यांना हे ठाऊक होतं. फायलीत नियमाची झेरॉक्स निघाली, तिच्या समासात त्यांच्या अक्षरात 'नंतर बघू' असा शेरा आणि खाली सही. स्वतःच्याच अर्जावर शेरा मारणारा असा सरकारी माणूस विरळा.

परवान्यासाठी शहरात पोलीस आयुक्त, ग्रामीण भागात जिल्हाधिकारी. पोलीस चौकशी, बंदूक सुरक्षित ठेवण्याची हमी, ती हाताळण्याचं प्रशिक्षण, शरीर आणि मन धड असल्याचं डॉक्टरी प्रमाणपत्र. यजमान म्हणाले, "आधी ते मनाचं काढून आण, बाकीचं मग बघू." शिवाय बंदूक हवी कशाला, हेही सांगायचं. पीकसंरक्षणासाठी परवाना असतो. माझं पीक म्हणजे गॅलरीतला कढीपत्ता आणि त्यावर बसणारी कबुतरं.

आणि बाकीच्या वारसांची ना हरकत. ती मात्र अशी आली की मी थक्क झाले. बाबांच्या फ्लॅटच्या कागदासाठी दादाला अख्ख्या ह्यूस्टनमध्ये नोटरी सापडत नव्हता, वकिलात लांब पडत होती, सुट्टी नव्हती. बंदुकीचं पत्र मी विचारलं त्या रात्रीच सहीशिक्क्यानिशी स्कॅन होऊन आलं. आईनं तिथल्या तिथे सही केली. आत्या आणि काका यांची तर कायद्याला गरजच नव्हती, तरी दोघांनी आपापल्या खर्चानं स्टॅम्प पेपर आणून, 'सदर शस्त्राशी आमचा कोणताही संबंध नव्हता, नाही व राहणार नाही' असं लिहून दिलं. आजोबांच्या पराक्रमाचे दोन्ही जिवंत इतिहासकार एका दिवसात फुटले.

शेवटी आईच म्हणाली, "विकून टाका. शालूंना जागा होईल." रीतसर परवानगी काढून बंदूक परवानाधारक विक्रेत्याकडे गेली. किंमत सांगत नाही; त्या पैशांत तिला इतकी वर्षं पुसलेल्या तेलाचाही हिशेब बसला नसता. कोणी हूं की चूं केलं नाही.

दुसऱ्या दिवशी काकांचा फोन. "पेटी कुठाय?"

"आहे की घरी."

"नाही म्हणजे, आमच्या हॉलमध्ये बरी दिसेल. शेवटी वडिलांची आठवण." संध्याकाळी आत्या: पेटीवरचा पितळी तुकडा तिनं लहानपणी चिंचेनं घासलेला, म्हणून नैतिक हक्क तिचा. मध्यरात्री दादा: रिकामी पेटी विमानात चालते, त्यानं एअरलाइनला विचारून घेतलंय. आत काहीच नसलेल्या त्या पेटीसाठी सध्या तिघांमध्ये बोलणं बंद आहे. मी सुचवलं की कोणीतरी दोघांनी तिसऱ्याला ना हरकत द्यावी, मसुदा माझ्याकडे तयारच आहे, फक्त 'शस्त्र' खोडून 'पेटी' लिहायचं.

या खेपेला नोटरी कोणालाच सापडत नाहीये.