हॉस्टेलचं वायफाय आणि कपाटातले राउटर

कॉलेजं सुरू झाली की माझ्या फोनवर एकच गाऱ्हाणं: "दादा, हॉस्टेलच्या वायफायला फायर स्टिक लागतच नाही." खानापूर, निपाणी, चंदगडकडची पोरं बेळगावात शिकायला येतात. बॅगेत शेंगदाण्याची चटणी, लोणचं आणि ती काळी कांडी, टीव्हीला खुपसली की नेटवरचे सिनेमे-मॅच दाखवणारी. घरी तर झकास चालत होती, इथंच काय धाड भरली?

नेटवर्किंगचं काम करतो म्हणून सांगतो, कांडीला काही झालेलं नाही. घरचं वायफाय नुसता पासवर्ड मागतं. हॉस्टेलचं वायफाय 'तू कोण' म्हणून विचारतं. कुठं जोडल्यावर एक पान उघडतं आणि त्यात यूएसएन (विद्यापीठानं दिलेला नंबर) आणि पासवर्ड भरायचा असतो. फायर स्टिकवर ते पान रिमोटनं एकेक अक्षर टिपत कसंबसं भरता येतं. जुन्या क्रोमकास्टला (गुगलचं तसलंच यंत्र) ना रिमोट ना ब्राउझर, तो तिथंच अडकला. कुठं डब्ल्यूपीए-2 एंटरप्राइझ असतं, म्हणजे प्रत्येकाचं नाव-पासवर्ड वेगळं. ते क्रोमकास्टला चालत नाही, असं गुगल स्वतःच सांगतं.

बरं, स्टिक जोडली गेली तरी फोनला ती दिसत नाही. फोन नेटवर्कवर हाळी देतो, 'कुणी टीव्ही आहे काय इथं?' हॉस्टेलात क्लायंट आयसोलेशन, म्हणजे डिव्हाइसं एकमेकांपासून तोडून ठेवणं, चालू असतं, त्यामुळं ती हाळी शेजारच्या डिव्हाइसपर्यंत पोचतच नाही. ते असायलाच पाहिजे. नाहीतर तुमच्या टीव्हीवर वरच्या मजल्यावरचा कुणीतरी रात्री दोन वाजता भलतंच काहीतरी लावेल. नेट कोण वापरतंय याच्या नोंदी ठेवण्याबद्दलही माझी तक्रार नाही. सर्ट-इननं, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेनं, एप्रिल 2022 मध्ये सिस्टीमचे लॉग (नोंदी) 180 दिवस जपायला सांगितलंय.

माझी तक्रार पुढची आहे. यावर साधा उपाय असताना आपल्याकडं नोटीस लागते, 'टीव्ही डिव्हाइस आणू नये', आणि विषय संपतो. बाहेरची कितीतरी विद्यापीठं विद्यार्थ्याला एक पान देतात. त्यात स्टिकचा बारा अक्षरी मॅक अॅड्रेस, म्हणजे त्या डिव्हाइसचा स्वतःचा ओळख क्रमांक, भरायचा (सेटिंग्ज, माय फायर टीव्ही, अबाउट, नेटवर्क इथं सापडतो), तो त्याच्या नावावर चढतो आणि लॉगिनशिवाय नेट सुरू. कोण वापरतंय तेही कळतं. एकाच विद्यार्थ्याची डिव्हाइसं एकमेकांना दिसतील अशी सोयही वायफाय सांभाळणाऱ्या बऱ्याच कंट्रोलरमध्ये असते, चालू करायची तेवढी बाकी.

बंदीनं काय होतं ते मी बघितलंय. एका हॉस्टेलात इंटर्नल्सच्या (कॉलेजच्या अंतर्गत परीक्षेच्या) आदल्या रात्री अख्ख्या मजल्याचं नेट गेलं. सगळ्यांच्या लॅपटॉपवर नेटवर्कचा (आयपी) पत्ता 192.168.0 नं सुरू होणारा, जो त्या नेटवर्कात असायलाच नको. म्हणजे कुणाचा तरी खासगी राउटर पत्ते वाटत सुटलाय. शोधत शोधत गेलो तर कपाटात, टॉवेलखाली, दिवा लुकलुकतोय. भिंतीतली केबल वॅनऐवजी (बाहेरून नेट घ्यायचं भोक) लॅन पोर्टात (आतल्या डिव्हाइसांचं भोक) खुपसलेली. पोरगं घाबरून पांढरं पडलेलं. त्याला फक्त टीव्हीवर मॅच बघायची होती. स्वीचवर डीएचसीपी स्नूपिंग, म्हणजे असे परके पत्ते अडवायची सोय, चालू असतं तर हे झालंच नसतं, पण ते चालू करायला कुणाला वेळ आहे? आणि राउटर नीट जोडला तरी त्रास आहेच. वायफायच्या 2.4 गिगाहर्ट्झ पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेलं तीनच, 1, 6 आणि 11. मजल्यावर असले दहा चोरटे राउटर झाले की कॉलेजचं महागडं वायफायही गुदमरतं.

वॉर्डन म्हणतात, सगळे सिनेमे बघत बसतील, लाइन पुरणार नाही. आकडा खोटा नाही. नेटफ्लिक्सवर एचडीला तासाला 3 जीबीपर्यंत जातात, 4केला 7. मग माणशी 5 एमबीपीएसची मर्यादा घाला की! फुल एचडीला तेवढं पुरतं. तसंही पोरं तेच फोनवर बघतायत. आणि हुबळीचा नि निपाणीचा रूममेट एका टीव्हीपुढं बसून कॉमेंट्री कन्नडात ठेवायची की मराठीत यावर भांडले, तर मला तरी ते बरंच वाटतं.

तोवर लॅपटॉपला एचडीएमआय केबल लावा, नाहीतर आपल्याच सिमचा हॉटस्पॉट वापरा. राउटर मात्र आणू नका. आणि मजल्यावरच्या सगळ्यांच्या सह्यांनिशी अर्ज द्या. त्यात 'मॅक नोंदणी' आणि 'माणशी वेगमर्यादा' हे दोन्ही शब्द हवेत, नाहीतर अर्ज 'टीव्ही पाहिजे' म्हणून बाजूला पडेल. कन्नडात लिहिलात तर ऑफिसात लवकर हलेल, हुबळीवाल्याकडून लिहून घ्या.