शत्रू परवडला, रेडिएटर नको

परकीय फौज गावात उतरते आणि शाळकरी पोरं बंदुका घेऊन डोंगरात पळतात, असा सिनेमा लागला की माझ्या डोक्याला ताप सुरू होतो. इतरांना पराक्रम दिसतो, मला सामानाची यादी दिसते.

१९८४चा ‘रेड डॉन’ घ्या. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातल्या एका गावात, इतिहासाचा तास चालू असताना, खिडकीबाहेर पॅराशूटवाले रशियन शत्रूसैनिक उतरतात. सहा पोरं पिकअपमध्ये शिकारीचं सामान भरून सटकतात. इथवर ठीक. पुढे रेडिएटर कोरडा पडतो आणि पोरं त्यात लघवी करतात.

‘काय डोकं चालवलं!’ म्हणून लोक खूश. मी माप काढत बसतो. एका खेपेला माणशी ४०० मिली धरा. सहा जणांचे जेमतेम अडीच लिटर. असल्या गाडीला लागतात १५च्या आसपास. शिवाय तापलेल्या रेडिएटरचं झाकण लगेच उघडलं तर उकळत्या पाण्याचा फवारा थेट अंगावर येतो. पोरं कुठल्या पवित्र्यात उभी आहेत, ते बघा जरा! निदान अर्धा तास थांबावं, मग जाड फडकं टाकून झाकण हळूहळू सैल करावं. तोवर रशियन थांबतील का, हा त्यांचा प्रश्न.

मग हरणाची शिकार. थंडीत डोंगर चढणाऱ्याला दिवसाला ३,००० कॅलरी तरी हव्यात. हरणाचं मांस किलोला साधारण १,२०० देतं. म्हणजे माणशी अडीच किलो, सहा जणांना १५. एक हरीण दोन दिवसांत फस्त! त्यात त्या मांसाला चरबी जवळजवळ नाहीच. नुसत्या तशा मांसावर राहिलं की पोट भरूनही माणूस खंगतो, वर जुलाब. गनिमी काव्यातले जुलाब कुणी दाखवत नाही.

एक गोष्ट मात्र बरोबर: शत्रूचीच एके-४७ उचलायची, म्हणजे गोळ्याही त्याच्याकडूनच येतात. पण मॅगझिनमध्ये गोळ्या ३० आणि वेग मिनिटाला ६००. चाप दाबून धरला की तीन सेकंदांत खडखडाट.

२०१२च्या नव्या आवृत्तीत तर चित्रीकरण उरकल्यावर चिनी सैन्य संगणकावर उत्तर कोरियाचं करून टाकलं. झेंडे बदलले, बिल्ले बदलले. एवढी रंगरंगोटी चाललीच होती, तर ट्रकमध्ये पाण्याचे दोन कॅनही रंगवायचे होते. मी शेवटपर्यंत गप्प बसलो असतो.