सक्तीच्या लष्करसेवेची मागणी कशी करावी

तरण्या पोरांना लष्कर सक्तीचं करा, अशी मागणी करायचं मनात असेल तर आधी स्वतःचं वय बघा. पंचेचाळिशी ओलांडलेली बरी. सरकारनं चुकून मनावर घेतलंच, तर यादीत आपलं नाव यायला नको.

जागा म्हणाल तर रंकाळ्याची चौपाटी. सकाळी नऊनंतर, मिसळ चापून झाल्यावर. कटाचा घाम कपाळावर असतो, तो देशासाठी गाळल्यासारखा दिसतो. पहाटे पाचला मात्र तिकडं फिरकू नका. तेव्हा भरतीची पोरं पळत असतात. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत मारलं तर 60 पैकी 60 गुण, वर बीमला लटकून दहा पुलअप्स, नऊ फुटांच्या खड्ड्यावरून उडी. एवढं सगळं करून मेडिकलला 'गुडघे एकमेकांना लागतात' म्हणून परत आलेला एखादा गाठ पडला आणि "काका, सक्ती मागनं करा, आधी मला तरी घ्या की," म्हणाला, तर चहा घशाखाली उतरत नाही.

'हल्लीच्या पोरांना शिस्त नाही' हे वाक्य पाठच करा. महाद्वार रोडवर गाडी आडवी लावून म्हटलं तरी चालतं.

दाखल्याला इस्रायल घ्या. त्यांची अख्खी लोकसंख्या एक कोटीच्या आसपास, आपल्याकडं रांगेतल्यांनाच जागा पुरत नाही, असं कुणी मधेच बोललं तर त्याला देशद्रोही ठरवून मोकळं व्हा. अग्निपथ काढू नका. 2022 सालच्या त्या सैन्यभरती योजनेत चार वर्षांनी चारातला फार तर एक जण ठेवून घेणार, बाकीचे घरी. त्या निर्णयाला आपण टाळ्या वाजवल्या होत्या; आता 'सगळ्यांना आत घ्या' म्हणताना तेच हात जरा खिशात असलेले बरे.

आणि हो, शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीत हे भाषण ठोकायला जाऊ नका. तिथं पिढ्यान् पिढ्या फौजेत गेल्यात, तेही कुणी सक्ती न करता. पारावरचे निवृत्त सुभेदार तुमचं सगळं शांतपणे ऐकून घेतील आणि एवढंच विचारतील, "बरं, तुमचं चिरंजीव काय करत्यात?"

उत्तर तयार ठेवा. चष्म्याचा नंबर चालेल, जेईईचा क्लास चालेल, पुण्यातली कंपनी तर उत्तमच. 'एकुलता एक आहे हो' तेवढं म्हणू नका. सुभेदारही एकुलतेच निघायची शक्यता असते.