बदकाला काही लागत नाही म्हणणारा तो मेसेज पुढं पाठवू नका

परवा रात्री साडेनऊला आमच्या आत्तीचा फोन आला. "गे, पिल्लं पाय ओढूलाल्यात, एक तर मान मागं टाकून तडफडूलालंय, काय करू?" आत्ती बेळगाव जिल्ह्यातल्या नंदगडच्या पुढं राहते, मृग निघाल्यावर नातवासाठी तिनं आठवडी बाजारातनं बदकाची बारा पिल्लं आणली होती. मी विचारलं काय घालतेस, तर म्हणाली मका, गेल्या वर्षीचं पोतं होतं, जरा बुरशी आली होती पण मेसेजमध्ये लिहिलंय की बदकाला चालते. कुठला मेसेज, पाठव बघू म्हटलं, तर तोच. गेले दोन महिने आमच्या गल्लीच्या, महिला मंडळाच्या, माहेरच्या सगळ्या ग्रुपवर फिरतोय तो, "कोंबडी विसरा, बदक पाळा, शून्य खर्च". बदकाला घर लागत नाही, खाद्य विकत आणावं लागत नाही, शिळंपाकं बुरशीचं सगळं पचतं, पिल्लं पहिल्या दिवसापासून पाण्यात सोडा, बदक कधी आजारी पडत नाही, बदक असेल तिथं साप येत नाही, एक नर एक मादी चक्रवाकासारखी जन्मभर राहतात, आणि दम्याला कच्चं अंडं. बाराची चार उरली आत्तीकडं. मी सहा वर्षं परसात बदकं पाळते, आज सात आहेत, म्हणून हे लिहितेय.

आधी बुरशीचंच बोलते, कारण बाकीच्या चुकीनं एखादं पाखरू जातं, ह्यानं सगळी पिल्लावळ जाते.

"बदक बुरशी पचवतं" हे वाक्य ज्यानं लिहिलं त्यानं नेमकं उलटं लिहिलंय. मका आणि शेंगदाण्याच्या पेंडीवर जी पिवळट हिरवी बुरशी येते तिच्यातली एक म्हणजे अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस, ती अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते, आणि पाळीव पाखरांत हे विष ज्यांना सगळ्यात लवकर मारतं त्यांत बदकाचं पिल्लू अगदी वर आहे. हे विष सापडलं तेच मुळी पाखरं मेल्यामुळं. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखावर टर्की कोंबड्या काही महिन्यांत मेल्या, काय रोग आहे कुणाला कळेना, शेवटी शोध लागला की ब्राझीलहून आलेली शेंगदाण्याची पेंड बुरशीची होती. त्याच पेंडीनं बदकाची पिल्लंही मेली. पुढं शास्त्रज्ञ धान्यात हे विष आहे का हे तपासायला एक दिवसाच्या बदकाच्या पिल्लांनाच ते खाऊ घालून बघायचे, इतकं पिल्लू नाजूक. आणि मेसेज म्हणतो पचवतं!

पिल्लू खायचं सोडतं, वाढत नाही, पाय जांभळट पडतात, लंगडतं, मग मान मागं ओढून झटके येतात आणि जातं. आत्तीच्या पिल्लांचं अगदी हेच झालं. दुसऱ्या दिवशी जनावरांच्या डॉक्टरांनी एक मेलेलं पिल्लू उघडून दाखवलं, काळीज (लिव्हर) पार फिकं पडलेलं आणि त्यावर रक्ताचे ठिपके. ह्यावर उतारा नाही, खाद्य ताबडतोब बदलायचं एवढंच हातात असतं.

आता हमखास कुणीतरी म्हणणार, आम्ही मका धुऊन उन्हात घालून देतो. नाही चालत हो. ऊन दिलं तर बुरशी पुढं वाढायची थांबेल, पण दाण्यात उतरलेलं विष जात नाही, शिजवून सुद्धा जात नाही, आणि बुरशी डोळ्याला दिसत नसली तरी विष असू शकतं. आमच्याकडं तरणा-म्हातारा पाऊस लागला की आठ आठ दिवस ऊन दिसत नाही, खानापूरकडं तर भिंतीसुद्धा घाम सोडतात, तिथं जमिनीवर टेकवून ठेवलेलं पोतं कोरडं राहणारच नाही. पोतं फळीवर ठेवा, भिंतीपासून लांब, दाणा दाताखाली कट्ट वाजला पाहिजे, मऊ लागला किंवा कोंदट वास आला तर टाकून द्या, आणि टाकताना गोठ्यात टाकू नका, दुभत्या म्हशीनं खाल्लं तर ते दुधात उतरतं. पावसाळ्यात मी पंधरा दिवसांपेक्षा जास्त खाद्य आणतच नाही.

खाद्याचाच दुसरा मुद्दा, "कोंबडीचं खाद्य किंवा घरातलं उरलेलं पुरतं". ह्याला मी अर्धं मानते. मोठ्या बदकाला कोंबडीचं चांगलं खाद्य चालतं, बरोबर पालेभाजी, गांडुळं, अळ्या मिळाल्या की झालं. पण पिल्लाला नायसिन म्हणून एक जीवनसत्त्व लागतं, बी गटातलं, ते कमी पडलं की पाय वाकतात आणि पिल्लू बसून राहतं. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलनं १९९४ साली पोल्ट्रीला काय काय किती लागतं ह्याचे तक्ते छापलेत, त्यात बदकाच्या पिल्लाला किलो खाद्यामागं ५५ मिलिग्रॅम नायसिन दिलंय, ब्रॉयलरच्या पिल्लाला ३५ आणि अंड्यांच्या कोंबडीच्या पिल्लाला २७. म्हणजे कोंबडीच्या हिशोबानं बनवलेल्या खाद्यात ते बदकाला जवळजवळ निम्मंच मिळायची शक्यता. मी पहिले दोन महिने खाद्यावर ब्रुअर्स यीस्टची (बिअरच्या खमिराची) पावडर भुरभुरते, उकडलेले वाटाणे कुस्करून देते, तेवढ्यानं भागतं. शेंगदाण्याच्या पेंडीत पण नायसिन भरपूर असतं, पण वर लिहिलेलं वाचून ती पिल्लाला घालायचं धाडस मला होत नाही. आणि शिळा ब्रेड, कालची चटणी, लोणच्याचा खार, हे कृपा करून नको, ब्रेडनं नुसतं पोट भरतं आणि मीठ पाखराला बाधतं.

"पाण्यात राहणारं पाखरू, त्याला घर कशाला." रात्री कोण येतं ते ह्या माणसानं बघितलेलं नाही. मोकाट कुत्री, मुंगूस, रानमांजर, गाव जंगलाकडं असेल तर कोल्हा. परसातल्या बहुतेक बदकांना झाडावर उडून बसता येत नाही, कोंबडी तरी फांदी गाठते, बदक जमिनीवर बसतं आणि तिथंच सापडतं. माझी पहिली तीन बदकं गेली ती साध्या षटकोनी कोंबडीच्या जाळीमुळं, कुत्र्यानं दातानं ओढून फाडली. ती जाळी पाखराला आत ठेवते, बाहेरच्याला अडवत नाही. तेव्हापासून अर्ध्या इंचाची वेल्डमेशच, म्हणजे वेल्डिंग केलेली तारेची जाळी.

माझं खुराडं सहा बाय पाचचं आहे, एका बदकाला चार चौरस फूट धरा, थोडी जास्तच बरी. खाली अर्धा फूट मुरूम भरून उंच केलंय, वर दोन थर चिऱ्याचे, त्यावर लाकडाची चौकट. पत्र्याला उतार आहे आणि पश्चिमेकडं दीड फूट पाखं बाहेर काढलंय, आमच्याकडचा पाऊस तिरका येतो म्हणून, दार पूर्वेला. हवेची जाळी वरच्या बाजूला छताखाली ठेवायची, बदकाच्या अंगावर वारं नको पण आतली वाफ बाहेर गेली पाहिजे, बदकाची विष्ठा पातळ असते आणि बंद खुराड्यात सकाळी डोळे चुरचुरतात इतका वास कोंडतो. सगळीकडनं गच्च प्लॅस्टिक लावून ठेवणारे लोक पाखराला ऊब देत नाहीत, घुसमटवतात. भिंतीबाहेर जाळीचा दीड फुटाचा पट्टा जमिनीवर आडवा टाकून वर दगड ठेवलेत, उकरून कुणी आत येत नाही. कडी दोन. एप्रिल-मे मध्ये पत्र्यावर उसाचा पाला टाकते नाहीतर आत भट्टी होते. दांडी नको, शिडी नको, चढायला हलका उतार पुरतो. आणि मेसेजमध्ये "सिमेंटच्या फरशीवर ठेवा, धुवायला सोपी" असं जे आहे ना, त्या फरशीवर नुसतं ठेवलं तर तळपायाला घट्टे पडून पू होतो. मी वर चार बोटं भाताचं पिंजर टाकते, रोज सकाळी वरखाली करते, भिजलेलं काढते. पिंजर पण बुरशीचं नको, ती बुरशी श्वासातनं छातीत जाते.

पिल्लं पहिल्या दिवसापासून पाण्यात, हे पण घातकच आहे. आईबरोबर असलेल्या पिल्लाला तिच्या पिसांचं तेल लागतं, ती अंगाखाली घेऊन वाळवते. बाजारातलं पिल्लू मशीनमध्ये उबवलेलं, त्याला आई नाही, त्याची लव भिजते आणि ते गारठून मरतं. पहिला आठवडा ३२ डिग्रीच्या आसपास ऊब पाहिजे, पुढं आठवड्याला तीन-एक डिग्री कमी करत जा. पिल्लं बल्बखाली एकावर एक चढली तर थंडी वाजतेय, लांब जाऊन चोच उघडी टाकली तर उकडतंय, थर्मामीटर नसला तरी कळतं. पाणी उथळ ताटलीत, मध्ये दगड ठेवून. पिसं आल्यावर मग काय ते पोहू दे. मोठ्या बदकाला तळं नसलं तरी चालतं, घमेलं पुरतं, पण डोळे-नाकपुड्या बुडतील एवढं खोल पाणी पाहिजेच, आणि खाद्याशेजारी पाणी नसेल तर घास अडकतो. ते पाणी खुराड्याबाहेर, खडीवर ठेवा, आमचं सांडलेलं केळीला जातं. मोरीच्या कुजक्या डबक्यावर सोडू नका, उन्हाळ्यात त्यातनं बोट्युलिझम नावाची विषबाधा होते, मान लुळी पडते.

"कधी आजारी पडत नाही" ह्यात थोडं तथ्य आहे ते नाकारत नाही, कोंबडीचे बरेच रोग बदकाला कमी होतात. पण डक प्लेग आणि पाखरांचा कॉलरा आला की खुराडं रिकामं होतं, दोन्हीच्या लसी असतात, जनावरांच्या दवाखान्यात विचारा. बर्ड फ्लू तर बदक स्वतः ठणठणीत दिसत असताना पसरवू शकतं, म्हणून कोंबड्या शेजारी असतील तर जास्तच जपायचं. बागेतल्या गोगलगायी खातात हे मात्र शंभर टक्के खरं, माझ्या अळूला आता भोकं पडत नाहीत.

साप? साप उलट येतो. सांडलेल्या दाण्याला उंदीर येतात, उंदरामागं धामण येते, नाग अंडी आणि पिल्लं खातो. खाद्य पत्र्याच्या डब्यात झाकून ठेवा, अंडी सकाळीच उचला, आणि बदकं आहेत म्हणून अंधारात परसात अनवाणी जाऊ नका.

चक्रवाक हा वेगळा पक्षी आहे, परसातल्या बदकाचा आणि त्या जोडीचा संबंध नाही. एका नराबरोबर एकच मादी ठेवली तर तो तिच्या मानेवरची पिसं उपटून काढतो, एका नराला चार-पाच माद्या पाहिजेत. आणि "जोरात क्वॅक करतो तो नर" हे पण चूक, जोरात ओरडते ती मादी, नराचा आवाज घोगरा आणि मोठा झाला की शेपटीला वळलेलं पीस.

दम्याला कच्चं अंडं कुठल्याही लेकराला पाजू नका. साल्मोनेला जंतूनं जुलाब-ताप लागेल, दमा तिथंच राहील. अंडं चांगलं शिजवून खा, आणि दम्याला डॉक्टरांनी दिलेला पंप बंद करू नका. आत्तीचा नातू दम्याचाच आहे, म्हणून मी एवढी चिडलेय.

मक्याचं पोतं आत्तीनं काल ओढ्याकडच्या खड्ड्यात पुरलं. चार पिल्लं सध्या स्वयंपाकघरात खोक्यात बल्बखाली आहेत, त्यातलं एक अजून नीट उभं राहत नाही. रविवारी मी वेल्डमेश आणि यीस्ट घेऊन जातेय, चिरे तिच्या परसात पडूनच आहेत.